पाहुणे आले की मी माळ्यावर

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. वय विचाराल तर अठरा. कुबडीच्या हिशेबाने हे म्हातारपणच.

महाडजवळच्या नाते गावच्या कुशाबा सुताराने मला शिवणीच्या लाकडातून घडवले. तळाला रिक्षाच्या जुन्या टायरचा तुकडा ठोकला. काखेखालची गादी माझ्या मालकिणीने, म्हणजे आवडीने, स्वतः शिवली. आवडीच्या डाव्या पायात लहानपणापासून बळ नाही, पण अर्ध्या गावाचे ब्लाऊज तिच्याच हातमशीनवर शिवले जातात. विहिरीवर, शेतावर, महाडच्या बाजारात मी तिच्यासोबत गेले. उपकार नव्हे, ते माझे कामच.

पण पाहुणे यायचे म्हटले की तिची आई प्रयागबाई मला उचलून माळ्यावर टाकायची. मी नसले की आवडीला मागच्या खोलीतून हलता येत नसे.

"गुमान बस गो. झाकली मूठ सव्वा लाखाची," प्रयागबाई म्हणायची. शेजारणी म्हणायच्या, पोर मागच्या जन्मीचं फेडतेय. मी लाकडाची, तरी मला ते लागायचे. खरे सांगू? चालून मी कधी दमले नाही, माळ्यावर पडून पडून दमले.

गेल्या मार्गशीर्षात आवडीच्या धाकट्या बहिणीला, अपेक्षाला बघायला पोलादपूरची मंडळी आली. मुलाच्या आत्याची नजर अपेक्षाच्या ब्लाऊजवर गेली.

"कुनी शिवलाय गो?"

"महाडच्या टेलरनं," प्रयागबाई घाईने म्हणाली.

"दुकान सांगा की. लग्नाचे तिथंच टाकू."

प्रयागबाईला दुकान सुचेना. अपेक्षाने पोह्यांचे ताट खाली ठेवले, शिडी लावली आणि जाळीजळमटांसकट मला खाली काढले. आवडी माझ्या आधाराने बाहेर आली.

"ही माझी ताय. हिनं शिवलाय," अपेक्षा म्हणाली.

आत्या आवडीकडे नाही, माझ्याकडेच बघत राहिली. चहा झाला. "कळवतो," म्हणून मंडळी गेली. अजून काही कळवलेले नाही.

"माझ्यापायी तुझं मोडलं गो," आवडी रडली.

अपेक्षाने मला दारात, चपलांशेजारी उभे केले. "हितंच ऱ्हाऊ दे. ज्याला यायचं हाय, त्यानं हिला बघूनच आत यावं."

प्रयागबाई आठ दिवस दोघींशी बोलली नाही. उद्या पुन्हा पाहुणे येणार आहेत. आज सकाळी झाडताना तिने मला उचलले, तेव्हा वाटले, चला, पुन्हा माळा. तिने माझ्याखालचा केर काढला आणि मला परत जागेवर ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेल. पाहुणे आले म्हणून तिला उचलू नका. तिच्यासोबत एक माणूस उचलले जाते. माळा अडगळीसाठी असतो.