पिवळी पडलेली बाटली

"काल निळंशार होतं हे! आज पिवळं कसं झालं? बाटल्या कुणी धुतल्या?" सरांनी बाटली उजेडात धरून प्रयोगशाळेच्या मदतनीस ताईंकडे रोखून पाहिलं.

"मीच धुतल्या. तेवीस वर्षं मीच धुतेय."

"मग नीट धुवा की!" म्हणत सर निघूनही गेले.

बाटलीत चांदीचे कण होते, डोळ्यांना न दिसणारे. ते चपटे, त्रिकोणी असले की पाणी निळं दिसायचं. गोल झाले की पिवळं. चांदी तीच, पण आकार बदलला की ती उजेडातला वेगळाच रंग गिळायची. ताईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून पाठ झालं होतं. उद्या तपासणीला पाहुणे येणार होते आणि खापर नेहमीप्रमाणे त्यांच्याच डोक्यावर फुटलं होतं.

त्यांनी तिथे संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीला गाठलं. "खरं सांग, यात काय ओतलंस?"

"काही नाही हो ताई. बाटलीत पाणी कमी वाटलं म्हणून थोडं सलाईन घातलं."

"म्हणजे मीठच की! अगं, मिठाने त्रिकोणांची टोकं झिजतात. किती वेळा डोकं फोडायचं तुमच्यापुढे?"

पोरगी रडकुंडीला आली. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. नवरा डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलत होता. "अगं, थेंब घातलेत, काही दिसत नाही. न्यायला येतेस ना?"

"अहो, बसा तिथेच! इथे मलाच काही सुचत नाहीये."

रसायनांना हात लावायची ताईंना परवानगी नव्हती. तरी त्यांनी हातमोजे चढवले आणि तेवीस वर्षं बघितलं होतं तसं स्वच्छ बाटलीत चांदीचं नवं पाणी करायला घेतलं. एकेक रसायन मोजून थेंबाथेंबाने सोडलं, ढवळलं, वाट पाहिली. अर्धा तास पाणी फिकट पिवळंच राहिलं. मग लालसर झालं, जांभळं झालं आणि बघता बघता निळं.

"ताई!" मुलगी ओरडलीच.

"ओरडू नकोस. आधी चिठ्ठी लाव, यात सलाईन घालू नये म्हणून."

आवाज ऐकून सर आले. "वा! कसं जमलं?"

"ताईंनी केलं, सर. आणि ते सलाईन मी घातलं होतं. त्यांची चूक नव्हती."

ताईंनी मान वर केली. सरांनी बाटली उजेडात धरली.

"बरं, बरं. काम झालं ना!" त्यांनी फोन काढला. "ताई, जरा सरका. सावली पडतेय."

ताई सरकल्या. तरी फोटोत त्यांचं कोपर आलंच. सरांनी ते कापलं आणि फोटो पाहुण्यांना पाठवून दिला.

ताईंनी हातमोजे उतरवले. दवाखाना बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती.