नाथाजींचा डावा हात

गल्लीतली माणसं पटांगणात येऊन उभी राहिली तेव्हा कुणाच्या हातात लाटणं होतं, कुणाच्या कडेवर पोर होतं आणि आप्पासो तर अर्ध्या दाढीनिशीच आले होते. उरलेल्या अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता. पाटणच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मांडणीवरची भांडी वाजू लागली की चुलीवरचं चुलीवर टाकून बाहेर पळायचं आणि मोकळ्यात उभं राहून आपल्याच घराकडे बघत बसायचं. कोयनेच्या खोऱ्यात धक्के पाहुण्यांसारखे येऊन-जाऊन असतात. त्यात आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झालेला, त्यामुळे मांजरानं पातेलं पाडलं तरी लोक उंबऱ्याबाहेर.

सगळ्यांच्या शेवटी जोतीराम बाहेर आला. पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून देणं हा त्याचा धंदा, पण आत्ता त्याचे हात मनगटापर्यंत कणकेनं माखलेले होते.

"जावा आत समदी," तो ओशाळून म्हणाला. "धक्का न्हाई. मीच हुतो."

त्याच्या भिंतीला भिंत लागून रंगुबाईंचं घर. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू हुतास म्हंजी? तू काय जमिनीखाली ऱ्हातोस व्हय रं?"

जोतीरामनं नुसतेच कणकेचे हात जोडले.

गोष्ट त्याच्या वडिलांपासून सुरू झाली होती. नाथाजींची उभी हयात भजनात पखवाज वाजवण्यात गेली. पाटण खोऱ्यातल्या कुठल्याही सप्ताहाला नाथाजी नसले तर लोक टाळ खाली ठेवून वाट बघत. मग वाऱ्याचा झटका आला आणि डावी बाजू गेली. जीव वाचला, वाचा वाचली, उजवा हात धडधाकट राहिला. पण एका हातानं पखवाज वाजत नाही. म्हाताऱ्यानं पखवाज मंडळाला देऊन टाकला, देवळाकडे जाणं सोडलं आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला सुरुवात केली.

अशात सांगलीच्या अमृतनं एक कॅसेट पाठवली. अमृतचा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा. मागं एका सप्ताहाला तो आला होता तेव्हा त्यानं आपल्या चांगल्या यंत्रावर नाथाजींचा पखवाज भरून घेतला होता. जोतीरामला आनंद मावेना. त्यानं कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि बापाच्या उशाशी बसला. नाथाजी बराच वेळ ऐकत राहिले.

"हे कोन वाजवतंय?"

"आबा, तुमीच की."

"मग डावा हात कुठाय माझा?"

खरंच, त्यात डावा हात नव्हता. टेपरेकॉर्डरचा स्पीकर तळहाताएवढा. उजव्या हाताची बोटं त्यातून टिकटिक करत होती, पण डावीकडचा तो भरदार धुम त्याच्या छातीत मावतच नव्हता. "बराबर हाय," नाथाजी म्हणाले. "हितंबी न्हाई आनि तितंबी न्हाई." एवढं बोलून ते पुन्हा भिंतीकडे वळले आणि त्या रात्री जेवले नाहीत.

जोतीरामच्या मनाला ते फार लागलं. तो एसटीनं सांगली गाठून अमृतकडे गेला. अमृतनं सांगितलं की धुम ऐकायचा तर भलामोठा स्पीकर लागतो, त्याला वूफर म्हणतात. त्याची किंमत ऐकल्यावर जोतीरामनं पुढ्यातला चहा संपवला आणि निघायला उठला. अमृतला दया आली. कुठल्याशा फुटक्या स्पीकरचं तव्याएवढं लोहचुंबक त्यानं जोतीरामच्या पिशवीत टाकलं. परतीच्या वाटेवर जोतीरामनं हिशेब मांडला: स्पीकर म्हणजे काय, तर एक चुंबक, एक तारेची कॉइल आणि तिच्यामुळे हलणारं काहीतरी. चुंबक मिळालं. कॉइल भरणं तर आपलं पोटापाण्याचं काम. राहिलं ते हलणारं काहीतरी.

त्या 'काहीतरी'नं सगळ्या घराला कामाला लावलं. आधी त्यानं बायकोचं सूप घेतलं, त्यावर रद्दीचा लगदा थापून वाळवला आणि मधोमध कॉइल चिकटवली. त्यातून कोंबड्यांच्या खुराड्यात कुत्रं शिरल्यासारखा आवाज आला. मग तेलाच्या डब्याचं झाकण झालं. ते इतकं खणखणलं की गल्लीतल्या कुत्र्यांनीच गल्ली सोडली. हौसानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सूप गेल्याचा राग आठवडाभर जपून ठेवला. शेवटी जोतीराम मिरजेला एका वाद्यं करणाऱ्याकडे गेला आणि पखवाजाचं जुनं कातडं घेऊन आला. पाण्याच्या प्लास्टिकच्या पिंपाचा तळ कापला, तोंडावर ते कातडं ताणून बसवलं, आतून कॉइल लावली. आवाज आला, पण टणटणीत. धुमाचा पत्ता नाही.

इतके दिवस हे सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत पडलेले नाथाजी तेव्हा पहिल्यांदा बोलले.

"कनीक लाव की गाढवा."

जोतीरामनं कपाळावर हात मारून घेतला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय धुम निघत नाही, हे पखवाज्याच्या घरातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तो पंधरा दिवस सूप बडवत बसला होता. हौसानं कणीक मळली, त्यानं ती कातड्याच्या मध्यावर थापली आणि हलतंय का बघावं म्हणून ट्रान्सफॉर्मरवरून सरळ घरातली वीज दिली. पिंप असं घुमलं की दोन्ही बाजूंच्या घरांतल्या मांडण्या वाजल्या आणि गल्ली पटांगणात गेली. आप्पासोंची अर्धी दाढी ती हीच.

पुढं हे आणखी दोन-तीनदा झालं. शेवटी गल्लीतल्या वडीलधाऱ्या आप्पासोंनी चार माणसं बसवून निवाडा दिला: यंत्र चालवायच्या आधी जोतीरामनं दारात येऊन थाळी वाजवायची, म्हणजे लोक निवांत घरात बसतील. जोतीरामनं मान्य केलं. तेव्हापासून थाळी वाजली की बायका मांडणीवरचे काचेचे पेले खाली उतरवून ठेवत आणि पुन्हा भाकरी थापायला बसत.

घरात मात्र कणकेवरून रोज महाभारत. ती दर वेळी ताजी लागायची, आणि ती कशी मळायची हे नाथाजी खाटेवरून सांगायचे. सैल झाली, घट्ट झाली, आता पाण्याचा हात लाव. हौसा करवादायची. "मामंजी, सनासुदीला चपाती बघतो आमी. तुमच्या पिंपाला रोज गव्हाचं, आनि मला जुंधळ्याचं." एकदा वापरलेली कणीक खरवडायची राहिली, तर कोंबड्यांनी ती कातड्यासकट टोचून खाल्ली आणि जोतीरामला पुन्हा मिरज गाठावी लागली. पण हौसाच्याही ध्यानात एक गोष्ट आली होती. म्हातारा आता भिंतीकडे नाही, घराकडे तोंड करून असायचा. दोन वेळ जेवत होता, शिव्या देत होता. जोतीरामला याचा जितका आनंद होता तितकीच भीती होती. हे यंत्र फसलं तर आबा पुन्हा जे भिंतीकडे वळतील ते कायमचेच.

रविवारी कॅसेट लावायचं ठरलं. नाथाजींनी सकाळीच न्हाव्याला बोलावलं, धुतलेला सदरा घातला, पटका बांधून घेतला. आणि त्याच सकाळी मागच्या पडवीत शेवटची चाचणी घेताना जोतीरामकडून करंट जास्त गेला. वॉर्निश जळाल्याचा वास आला. त्या वासावर तर त्याचं घर चालत होतं. काय झालं ते बघायचीही गरज नव्हती. कॉइल जळाली होती.

हौसानं आत येऊन वास घेतला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. "सांगा मामंजीस्नी," ती हळूच म्हणाली. जोतीराम सांगायलाच आत गेला. नाथाजी खाटेवर ताठ बसले होते, कणकेचा गोळा मांडीवर तयार होता. "आन पिंप हिकडं," ते म्हणाले. त्या चेहऱ्याला काही सांगणं जोतीरामला जमलं नाही. त्यानं जळकी कॉइल काढून पडवीतच टाकली आणि पिंप खाटेशी आणून ठेवलं. म्हाताऱ्यानं उजव्या हातानं स्वतः कणीक थापली आणि हात पिंपाच्या काठावर ठेवला. शेवटी काहीतरी बिघाड झाला म्हणू, असं ठरवून जोतीराम पिंपाच्या मागं बसला. थाळी वाजवायचा प्रश्नच नव्हता. टेपकडून आलेल्या दोन्ही तारा त्यानं मुठीत धरल्या होत्या, कशालाच न जोडलेल्या. त्यानं टेपचं बटण दाबलं.

उजवा हात सुरू झाला. नाथाजींची हनुवटी लयीबरोबर हलू लागली. भजन चढत चढत समेवर आलं आणि नेमका त्याच वेळी जमिनीखालून धुम उठला. भरदार, खोल, पायाच्या तळव्यांतून छातीत शिरणारा. मांडणी वाजली. पिंप थरथरलं, त्यावरची कणीक थरथरली.

जोतीरामनं मुठीतल्या तारांकडे बघितलं. जन्माच्या सवयीनं त्याचे पाय दाराकडे निघाले. आबांना उचलून बाहेर न्यायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं. पण आबांनी डोळे मिटले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं.

"आला," ते म्हणाले. "आला रं माझा डावा."

तेवढ्यात सगळं थांबलंही. टेप वाजत राहिली, म्हातारा डोलत राहिला, आणि जोतीराम भिंतीला पाठ लावून रडला.

बाहेर पटांगणात कोणीही आलं नव्हतं. गल्ली सरळ जोतीरामच्या दारात आली, भांडायलाच. थाळी का वाजवली नाही, असं आप्पासोंनी चढ्या आवाजात विचारलं. जोतीरामनं मागं वळून बघितलं. आत नाथाजी कान देऊन ऐकत होते.

"चुकलं," तो हात जोडून म्हणाला. "इसरलो. पुन्यांदा न्हाई व्हनार."

कोयनेच्या धक्क्याबद्दल आजवर कुणी कुणाची माफी मागितली नसेल. जोतीरामनं ती प्रत्येकाची वेगवेगळी मागितली. जळकी कॉइल हौसाच्या डोळ्यांसमोर पडवीत पडली होती. हौसा पडलेली भांडी मांडणीवर लावू लागली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. सातारा, सांगली, कऱ्हाड, सगळीकडे धक्का जाणवला होता. आप्पासोंनी बातमी पटांगणात मोठ्यानं वाचली, तेव्हा जोतीराम धावत घरात येऊन पिंपामागं उभा राहिला. ही माणसं मनानं चांगली. उगाच बोललो म्हणून माफी मागायला आता घरात येणार आणि आबांच्या देखत धक्क्याचं सांगणार.

सगळ्यांत आधी रंगुबाई आल्या. एरवी दारातूनच बोलणाऱ्या, पण आज तडक खाटेपाशी गेल्या. त्यांच्या ओंजळीत बरणीचे तुकडे होते. त्यांनी एकदा नाथाजींकडे बघितलं, मग पिंपामागं उभ्या असलेल्या जोतीरामकडे. त्यानं नुसतेच हात जोडले. रंगुबाईंनी तुकडे नाथाजींच्या पुढ्यात धरले.

"भावजी, काल तुमच्या डाव्या हातानं माझी लोनच्याची बरनी फुटली. आवरा की जरा त्याला."

नाथाजी ताठ झाले. मांडीवर पडलेला डावा हात त्यांनी उजव्या हातानं उचलून नीट ठेवला.

"समेला जोर यायचाच, वैनी," ते म्हणाले. "बरन्या खालच्या फळीवर ठेवत जावा."

"बरं," म्हणून रंगुबाई बाहेर आल्या. दाराशी आप्पासो माफी मागायच्या तयारीनं उभे होते, त्यांच्या मागं आणखी चारजण. रंगुबाईंनी हातानंच सगळ्यांना मागं फिरवलं. आप्पासोंनी आत एकदा डोकावून बघितलं, वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती सदऱ्याच्या आत सरकवली.