दोन राखणदार आणि एक चकती

वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो आपला म्हातारा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला, आणि सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या वेगबाबांकडे.

"यंत्रालाही नाडी असते, मायबापहो! ती तुंबली की यंत्र रेंगाळतं. ही तांब्याची चकती नाडी मोकळी करते. आता डोळे मिटा. कोणी मध्येच उघडले, तर लहरी उलट्या फिरतील!"

लहरी उलट्या फिरतील म्हणे! लोकांनी डोळे घट्ट मिटले. मी काही मिटले नाहीत, पण बाबांनी लॅपटॉपवर काळं कापड टाकून त्यात मुंडकं खुपसलं होतं. दिसत होती ती फक्त कोपरांची हालचाल.

माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान पलीकडच्याच गल्लीत. हे बाबा आल्यापासून मी तिथे माशा मारत बसलेय. तेही सोसलं असतं हो, पण आज त्या कापडाखाली होता माझ्या सख्ख्या ताईचा लॅपटॉप!

कापड निघालं, झाकणावर चकती चिकटली, आणि एरवी चहा उकळून पिऊन होईपर्यंत सुरू न होणारा लॅपटॉप चुटकीसरशी उघडला. टाळ्यांचा कडकडाट! ताईने चक्क हात जोडले आणि मला म्हणाली, "बघ! तुझ्याकडे इतक्या खेपा घातल्या, कधी पळाला असा?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणापासून हिचं काही बिघडलं की हाक मला, आणि हात जोडायचे या भामट्याला?

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात मला लाल फुली दिसली. म्हणजे विषाणू अडवणारा पहारा बंद! ताई एका डॉक्टरांकडचे अहवाल घरी टाईप करते. कोणाला कसला आजार, सगळं त्या लॅपटॉपमध्ये.

"ताई, यांनी तुझं संरक्षण बंद केलंय!"

"तू जळतेस म्हणून बोलतेस."

"हो, जळते! पण म्हणून ती फुली खोटी ठरते का? मी हातही लावत नाही. तूच चकती काढ आणि पुन्हा सुरू कर."

"काढू नका!" बाबा ओरडले. "यंत्र जागच्या जागी दम सोडेल!"

ताई कचरली, पण चकती उपटली तिने. लॅपटॉप तस्साच पळाला. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"आता ती या शेजारच्या आजोबांच्या लॅपटॉपवर चिकटव."

चिकटवली. आजोबांचा लॅपटॉप नेहमीसारखाच कुंथत बसला. "माझी नाडी वेगळी दिसतेय," आजोबा म्हणाले आणि हशा पिकला.

मग ताईने त्या फुलीवर क्लिक केलं. विषाणू अडवणारे दोन्ही प्रोग्राम बंद होते. तिने ते सुरू केले मात्र, पंखा घरघरायला लागला आणि लॅपटॉप पुन्हा गोगलगाय झाला.

"एक राखणदार मी बसवलेला, दुसरा दाजींनी," मी सांगितलं. "आलेली प्रत्येक फाईल दोघंही तपासणार, वर एकमेकांवरही संशय घेणार. जुन्या लॅपटॉपला झेपेल कसं? बाबांनी दोघांनाही घरी पाठवलं. मग काय, वाट मोकळी. चोरालाही!"

"मग तूच का नाही एक काढलास?"

"दर खेपेला विचारलं! तू म्हणायचीस, तुझा काढला तर तुला वाईट वाटेल, यांचा काढला तर यांना."

ताई ओशाळली. बाबा तोवर कापडाची घडी घालून मागच्या दाराने पसार झाले होते.

आम्ही तिथेच बसून दाजींचा प्रोग्राम काढला. माझा ठेवला, कारण तो हलका होता. (बरं, थोडं बरंही वाटलं!) पूर्ण तपासणी ताईच्या जेवणाच्या वेळेला लावली, उगाच आपोआप सुरू होणारी खोगीरभरती हटवली. लॅपटॉपचा घोडा झाला नाही, पण लंगडणं थांबलं. फुलीही पुन्हा दिसली नाही.

"यांना तूच सांग हं," ताई म्हणाली. "आणि खरं सांग, अजून जळतेस?"

"जळतेय ना! तू त्याला हात जोडलेस. म्हणून तर म्हणते, माझ्याही शब्दावर जाऊ नकोस. स्वतः करून बघ."

तुम्हालाही तेच सांगते. चमत्कार दिसला की चकती काढून बघा. आणि कोणी डोळे मिटायला सांगितलं, तर आधी ते उघडे ठेवा.