दुसरी पंगत

बुऱ्हाणपूरच्या चौकात, अत्तरवाल्यांच्या ओळीत, अनंतरावांचं मराठी पुस्तकांचं दुकान होतं. पुस्तकं बेताचीच खपत, पण दुकानाचं नाव अमरावती-नागपूरपर्यंत पोचलं होतं ते तिथल्या शनिवारच्या बैठकींमुळे. या वाटेने जाणारा कुणी लेखक असला की अनंतराव त्याला कार्ड टाकत, गावाबाहेर लालबागच्या स्टेशनावर टांगा घेऊन जात, दुकानात जाजम अंथरत आणि गावातल्या मराठी घरांतली माणसं गोळा करत. शाळामास्तर, रेल्वेतले कारकून, दोन-तीन वकील. व्याख्यान होई, प्रश्न होत, हार पडे. मग रावेरकर वकील उठून म्हणत, "चला साहेब, पानं मांडली असतील," आणि लेखक त्यांच्याबरोबर टांग्यात बसून निघून जाई.

अनंतराव जाजम झटकत.

यात कुणाचा दोष नव्हता. ज्या घरात बाई नाही त्या घरी पाहुणा जेवायला नेत नाहीत, हा रिवाज. अनंतरावांनी लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांची चूल एका माणसापुरती पेटत होती. वकील मागे वळून "तुम्हीही या की हो!" असं दर वेळी म्हणत, पण टांगा हलल्यावर म्हणत. म्हणून अनंतराव कधी गेले नव्हते.

एकोणीसशे छत्तीसच्या माघात विनायकराव हरसूलकर यायचे ठरले. त्यांच्या कादंबऱ्या अनंतरावांना जवळजवळ पाठ होत्या. दोघांचा बरीच वर्षं पत्रव्यवहार होता, भेट मात्र एकदाही नव्हती. आता अनंतरावांना बोलायचं होतं. गिऱ्हाइकाशी बोलतात तसं नव्हे. समोरासमोर पानं मांडून, हात वाळेपर्यंत. आयुष्यात एकदा एका लेखकाने आपल्या घरी जेवावं, एवढं एकच त्यांनी मनात धरलं होतं.

त्यांनी बंदोबस्तही केला. शेजारच्या शारदाकाकूंना मांडे करायला गळ घातली.

"असा कोण येतोय रे?" काकूंनी विचारलं. "गव्हर्नर?"

"लेखक आहेत, काकू."

"मग भुकेला असणार. माळ्यावरून मांड्यांचं खापर काढून दे."

वकिलांनाही त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं की आज पाहुणे माझ्याकडे. वकील हसले. "तुमच्याकडे? वाढणार कोण, कपाटातल्या नायिका?" मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं बरं. पण आमच्याकडे स्वयंपाक होतोच आहे, तेवढं ध्यानात असू द्या."

स्टेशनावर उतरले ते हरसूलकर बुटके, जाड भिंगांचा चष्मा लावलेले, मितभाषी गृहस्थ निघाले. लालबागेपासून चौकापर्यंत बोलणं झालं ते धुळीबद्दल आणि भुसावळला चुकता चुकता मिळालेल्या गाडीबद्दल. अनंतरावांनी मनात म्हटलं, असू दे, जेवताना बोलू.

बैठक रंगली. जाजमावर जागा उरली नाही. शेवटी मालधक्क्यावरचे सुकलाल कारकून उभे राहिले. "साहेब, एक पूछतो. तुमची नायिका दर वेळी विहिरीतच का उडी घेते? एखादी आमच्या तापीत पाठवा ना, पानी बहोत आहे."

सगळ्यांत जास्त हसले ते हरसूलकर. "पाठवतो की. तिच्या उतरण्याची सोय?"

"वकीलसाहेबांकडे!" चार जण एकदम ओरडले.

हार पडला. वकील सवयीने उठले, "चला साहेब" म्हणाले आणि अनंतरावांकडे पाहून थांबले. "नाही, चुकलो. आज आपण अनंतरावांचे पाहुणे."

हरसूलकरांनी अनंतरावांना कपाटापाशी बाजूला घेतलं. "आपल्या घरी कोण कोण असतं?"

"मी."

"आणखी?"

"मीच असतो. पण स्वयंपाक शेजारच्या काकूंनी केलाय. मांडे आहेत."

हरसूलकरांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. पुष्कळ वेळ पुसला. "वकिलांकडे मुलंबाळं आहेत का हो?"

"पाच आहेत."

"मग रागावू नका, अनंतराव, पण मला तिकडे जाऊ द्या. माझ्याही घरी मीच असतो. गावोगाव व्याख्यानं देत हिंडतो, ते काय व्याख्यानाच्या हौसेने? पोरं पानावर भांडतात, कुणी ताक सांडतं, आतून कुणी त्यांच्यावर ओरडतं. ते ऐकत चार घास खावेत म्हणून हिंडतो. समोर एक माणूस आणि पुस्तकांच्या गोष्टी, हे माझ्याकडे आहेच. तुमची पत्रं वाचत जेवतोच की मी."

अनंतरावांना त्यांचं म्हणणं फार लवकर कळलं, तीच अडचण होती. "जा," ते म्हणाले. "अवश्य जा."

दारात टांगा उभा होता. आज वकिलांनी टांगा हलायच्या आधी म्हटलं, "अनंतराव, तुम्हीही चला. खरंच चला."

"बसून घ्या बाबूजी," टांगेवाला उखर्डूही म्हणाला. "पुढे जागा हाय. घोडा काही म्हनत नाही."

"दुकान बंद करून येतो," अनंतराव म्हणाले.

त्यांनी जाजम झटकलं, घडी घातली, फळ्या लावल्या. मागच्या खोलीत काकू टोपलीत मांड्यांच्या घड्या रचत होत्या. पाट मांडलेले होते, दोनच.

"पाहुणा कुठाय?"

"वकिलांकडे गेले."

काकूंनी टोपलीवर फडकं टाकून ती अनंतरावांच्या हातात दिली. "मग तू इथे काय करतोस? जा. गार झाले तर चामडं होतं त्यांचं."

वकिलांच्या घरी पोचेपर्यंत पंगत बसली होती. दारातून अनंतरावांना दिसलं: दोन मुलांच्या मधे हरसूलकर बसले होते, बाह्या सारून, आणि आपल्या पानावरचं भजं कुणी पळवलं यावरून धाकट्याशी हुज्जत घालत होते. तेच बुटके, मितभाषी गृहस्थ. बसलेल्या पंगतीत मधेच पान मांडत नाहीत. वकिलांनी आतूनच हाक दिली, "आलात? वा! घटकाभर टेका बाहेर, दुसरी पंगत लगेच बसतेय."

टोपली आत गेली. अनंतराव ओसरीवर बसले. आतून हरसूलकरांचा आवाज आला, "मांडे! कुणी पाठवले?"

"पुस्तकवाल्या काकांनी," एक मुलगी म्हणाली.

"शाबास!"

हात धुवायला बाहेर आले तेव्हा हरसूलकरांनी ओल्या हातानेच नमस्कार केला. "मांडे काय झालेत, अनंतराव! सकाळी गाडीपर्यंत बोलू आपण." त्यांनी जांभई दाबली. धाकटा त्यांचा सदरा ओढत त्यांना गोष्ट सांगायला माडीवर घेऊन गेला.

दुसऱ्या पंगतीला वकिलांचा कारकून प्रभाकर, एक भाचा आणि अनंतराव. वकिलांच्या पत्नी, कमलवहिनी, वाढत होत्या. अनंतरावांच्या पानावरचा मांडा संपला तशा त्या टोपली घेऊन पुढे आल्या. "आणखी एक वाढू?"

"नको," अनंतराव म्हणाले आणि त्यांनी पानावर दोन्ही हात धरले.

पंगतीतला पहिला नको कुणी ऐकत नाही. दुसराही ऐकत नाहीत. पण अनंतरावांचा नको वेगळा होता. इतकी वर्षं एकट्याने जेवताना 'आणखी वाढू?' असं ते स्वतःलाच विचारत होते, स्वतःच उत्तर देत होते, आणि त्या उत्तरात कुणी आग्रह करावा अशी फट राहिली नव्हती. वहिनींना तो खराच वाटला. "बरं," म्हणून त्या प्रभाकरकडे वळल्या. प्रभाकर नको नको म्हणत राहिला आणि त्याच्या पानावर दोन मांडे पडले.

अनंतराव सकाळपासून उपाशी होते. वहिनी याच ओळीने परत येतील, या हिशेबाने त्यांनी पानावरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि पान पुरतं उघडं राहील असे मागे सरून बसले. वहिनी परत आल्या. टोपली रिकामी होती. त्यांनी ताक वाढलं.