तवर माल वाळलेला आसंल

"काम व्हायचंय अजून, आनि झालेलं बी हाय? असलं इंग्रजी काढनाऱ्यालाच रॅकवर वाळत घाला!" दादासो कडाडला.

बारावीतली त्याची लेक प्रांजल तासगावजवळच्या त्यांच्या बेदाण्याच्या शेडवर पुस्तक घेऊन बसली होती. इंग्रजीतला पूर्ण भविष्यकाळ काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हता. लेकीचं रडवेलं तोंड दादासोला बघवेना, म्हणून तो त्या काळावरच चिडला होता.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला. रॅकवरची द्राक्षं कालच पसरलेली, अजून हिरवीगार होती. तरी दादासोनं ठणकावून सांगितलं, "पंधरा दिवसांनी या. तवर माल वाळलेला आसंल, झाडून निवडून ठेवलेला आसंल."

प्रांजल टुणकन उठली. "आवं आबा, ह्योच की त्यो काळ! अजून एक वाक्य सांगा."

दादासोची छाती फुगली. "लिव. पुढच्या साली बेदाणा हुईल, तवर तू कालेजाला साताऱ्याला गेलेली आसशील."

बोलून झालं आणि ते वाक्य त्याचं त्यालाच टोचलं. तो उगीच रॅकची जाळी ओढून ताठ करू लागला.

लेकीनं ते लिहिलं आणि पुढं आणखी एक जोडून मोठ्यानं वाचलं, "आनि तवर मी धा-बारा येळा घरी येऊन गेलेली आसंन."

"त्यातलं 'गेलेली' खोड," दादासो जाळीकडं बघतच म्हणाला. "नुसतं 'आलेली' ठेव."