घरच्या माणसाचा दाखला

मामाने भाच्याला रंधा धरायला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं, पण पगार म्हणून कधी काही दिलं नाही. मामाच्या कारखान्यात दारं-खिडक्या बनायच्या. टेबलातला पैशांचा खण उघडाच असायचा आणि ज्याला लागेल तेवढं त्याने घ्यायचं, अशी रीत होती. आईबापाविना वाढलेल्या भाच्याला त्यात वावगं असं कधी वाटलंच नाही. घरात कोण कुणाला पगार देतं?

त्याची बायको परदेशात नर्स होती. मुलगी तिकडेच जन्मली, आता धावायला लागली होती, आणि बापाच्या मांडीवर अजून एकदाही बसली नव्हती. बायकोच्या नोकरीवर नवऱ्याला नेता येत नव्हतं. जायचं तर स्वतःच्या कामावर. नाना खटपटी करून त्याने तिथल्या एका कारखान्यात सुताराची जागा मिळवली. सगळं जुळत आलं आणि व्हिसा कचेरीचं पत्र आलं: आधीच्या मालकाचा अनुभवाचा दाखला जोडलेला नाही, मालकाने तो परस्पर आमच्याकडे पाठवावा.

मालक हा शब्द ऐकून मामाला हसू फुटलं. आपलं घरात मांजरही ऐकत नाही, असं तो म्हणाला. व्हिसाच्या एजंटाने दाखल्याचा मजकूर करून दिला होता: हा माझ्याकडे पगारी कामगार म्हणून काम करतो, वगैरे. जसाच्या तसा उतरवून सही कर, एवढंच भाच्याने बजावलं. मामाने चष्मा लावून वाचलं, मान डोलावली आणि दाखला स्वतःच पाठवून दिला. भाचा निर्धास्त झाला. मुलीसाठी छोटी खुर्ची करून आणू का, असं त्याने फोनवर बायकोला विचारूनही टाकलं.

मग नकार आला. अर्जदार कुटुंबातला माणूस म्हणून बिनपगारी हातभार लावत होता, याला नोकरी म्हणता येत नाही. तिकडच्या कारखान्याने जागा लगेच दुसऱ्याला दिली.

भाचा तडक मामाकडे गेला. मामाने काही लपवलं नाही, उलट कौतुकाने सांगितलं.

"ते नोकर-बिकर मी काढून टाकलं. लिहिलं, हा माझा मुलगाच आहे, घरच्याला पगार कसला देणार? चार चांगले शब्द जास्तच घातले तुझ्यासाठी."

आयुष्यात पहिल्यांदा तो मामाला उलटून बोलला.

"नोकर म्हणून ठेवलं असतंस तर उपकार झाले असते, मामा. आज माझ्या मुलीजवळ असतो मी."

मामाचा चेहरा खाडकन उतरला. टेबलावरचा भुसा त्याने हाताने बाजूला सारला. मग त्याने कोरा कागद ओढला आणि सांग म्हणाला.

आता या कागदाला कुणी विचारणार नव्हतं, हे भाच्याला ठाऊक होतं. पण म्हातारा पेन धरून वाट बघत होता, आणि त्याला थांबवायचा धीर होईना. तो एकेक शब्द सांगत गेला. मामा ओठ घट्ट मिटून लिहीत गेला. पगारी या शब्दाशी त्याचा हात जरा अडला, पण त्याने लिहिलं.

सांगून संपलं तरी पेन थांबलं नाही. मामाने आपल्या मनाने खाली एक ओळ घातली आणि कागद पुढे सरकवला. आमचं एकमेकांशी काहीही नातं नाही, असं त्याने लिहिलं होतं.

"आता चालेल ना रे?"

भाचा म्हणाला, चालेल.