खूण नसलेली मेंढरं

काकासाहेबानं फासा टाकला, तो फरशीवरून घरंगळत स्टोव्हपाशी थांबला, आणि आग ओकणारा अजगर एकदाचा मेला.

नामांतराच्या बंदमुळे वाळूजला नेणारी शिफ्टची बस आली नव्हती. गारखेड्यातल्या त्या खोलीत तिघांनी सकाळपासून एक आख्खं राज्य मांडलं होतं. कंपनीत आलेला परदेशी इंजिनिअर जाताना फासे टाकत गोष्ट रचायचा हा खेळ काकासाहेबाला देऊन गेला होता. गोष्ट काकासाहेब सांगायचा, राजापासून राक्षसापर्यंत सगळ्यांचे आवाज तोच काढायचा. बिरू आणि मल्हारी त्या गोष्टीतले वीर व्हायचे; दोघं धनगरांची पोरं, म्हणून खेळातही त्यांच्याकडे मेंढरं-कुत्री असायची. बाहेर रस्ता चिडीचूप होता. खिडकीला टांगलेल्या हिरव्या चादरीतून ऊन आत झिरपत होतं, आणि बिरूला फरशीवर खरोखरच कुरण हलताना दिसत होतं.

“राजा खूश झाला,” काकासाहेब म्हणाला. “बिरू, राजकन्या तुझी. लगीन लाव.”

मल्हारी हसला. “इथं बी लगीन. तिकडं काकीनं पोरगी बघून ठेवलीच हाय.”

मल्हारी बिरूचा चुलतभाऊ. बंद उठला की तो गावी जाणार होता, आणि त्याच्या पोटात काही म्हणून राहायचं नाही. बिरूला हे चांगलं ठाऊक होतं. तरी त्या हिरव्या उजेडात त्याची भीड चेपली.

“मला राजकन्या नको,” तो म्हणाला. “मघाच्या डावात घाटाखालच्या त्या मेंढपाळानं आपल्याला पाणी पाजलं होतं ना, त्याच्याकडं जातो.”

“तिथं जाऊन काय करतो?” काकासाहेबानं विचारलं.

“माझी मेंढरं त्याच्या मेंढरांत सोडतो. खूण न करता.”

दोन धनगर काही दिवस मिळून चारणीला निघाले, तर आधी आपापल्या मेंढरांच्या पाठीवर रंग लावतात. पुढे वाटा फुटल्या की ज्याची त्याला निवडता आली पाहिजेत. काकासाहेब शेतकऱ्याच्या घरचा, पण एवढं त्यालाही माहीत होतं.

“येडा का काय? मग निवडशील कशी?”

“निवडायचीच नायत. कधीच.”

काकासाहेब बुचकळ्यात पडून खेळाची पुस्तिका चाळू लागला. मल्हारीचं हसू मात्र मावळलं. त्याला कळलं होतं, सगळं कळलं होतं. इतकी वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट बिरूनं एका वाक्यात भावाच्या हाती दिली होती. ती गावात गेली तर आईचं दार कायमचं बंद. थट्टा केली म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. पण त्यानं बोललेलं मागे घेतलं नाही.

मल्हारीनं स्टोव्हपाशी पडलेला फासा उचलून तळहातावर फिरवला.

“काकासाहेब,” तो म्हणाला, “माझं कुत्रं त्या दोघांच्या मेंढवाड्यावर ठेव.”

“आरं, मग लांडगा आला तर तुझी मेंढरं कोण राखंल?”

“माझं मी बघतो. त्यांना जास्त लागंल.”

मग त्यानं फासा बिरूपुढे सरकवला.

“टाक. डाव तुझा हाय.”